विश्वाचा ईसीजी, नायगावच्या लॅपटॉपवर

नायगावचा माणूस आजवर औंढा नागनाथला जात आला तो दर्शनासाठी. नांदेड, वसमत करत शंभर-सव्वाशे किलोमीटरचा रस्ता. श्रावणात किंवा महाशिवरात्रीला ठरलेला. गेल्या काही वर्षांत मात्र औंढ्याचे नाव आणखी एका कारणाने कानावर पडू लागले आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या या तालुक्यात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने १७ फेब्रुवारी २०१६ रोजी तिला तत्त्वतः मान्यता दिली, एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी मिळाली आणि ११ मे २०२३ रोजी पायाभरणी झाली. काटकोनात जोडलेल्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या, त्यांच्या टोकांना आरसे आणि त्या आरशांमध्ये येजा करणारा लेसर किरण, असे हे यंत्र.

यावर पारावर एक प्रश्न हमखास निघतो. तिथे आपल्या पोरांना काय मिळणार? बांधकामावर मजुरी, फाटकावर पहारा, फार तर साहेबांची गाडी? प्रश्न रास्त आहे. त्याचे एक उत्तर मात्र औंढ्याच्या कुंपणाबाहेरही आहे आणि त्यासाठी यंत्र उभे राहण्याची वाट पाहावी लागत नाही. अमेरिकेतल्या अशाच दोन यंत्रांनी टिपलेला डेटा कुणालाही फुकट उतरवून घेता येतो. शास्त्रज्ञ ज्या प्रोग्रामांनी तो तपासतात तेही फुकट मिळतात. नायगावात बीएस्सीला असलेल्या एखाद्या मुलीकडे बरा लॅपटॉप आणि मोबाईलचा हॉटस्पॉट असेल, तर नोबेल मिळालेल्या शोधाची तपासणी ती आपल्या घरी बसून पुन्हा करू शकते. हे काम नेमके कसे चालते आणि त्यात माणूस कुठे कुठे फसतो, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण थोड्याफार फरकाने हीच पद्धत आज हृदयाच्या ठोक्यांपासून साथीच्या आकड्यांपर्यंत सगळीकडे वापरली जाते.

१४ सप्टेंबर २०१५. भारतीय वेळेनुसार दुपारचे ३ वाजून २० मिनिटे ४५ सेकंद. त्या क्षणी अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या लिव्हिंग्स्टन इथल्या आणि वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्ड इथल्या यंत्रांतून एक लहर गेली. दोन्ही ठिकाणांमध्ये सुमारे ३,००० किलोमीटरचे अंतर आहे. लहर आधी लिव्हिंग्स्टनला आणि सुमारे ७ मिलिसेकंदांनी हॅनफर्डला पोहोचली. एक सूर्याच्या ३६ पट आणि दुसरे २९ पट, अशी दोन कृष्णविवरे सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर एकमेकांत विलीन झाली होती. उरले ते ६२ सूर्यांचे एक कृष्णविवर. बाकीच्या तीन सूर्यांएवढे वस्तुमान लहरींच्या रूपाने ऊर्जा होऊन निघून गेले. इथे पोहोचेपर्यंत त्या लहरीचा जोर इतका ओसरला होता, की चार किलोमीटरच्या नळीच्या लांबीत जो फरक पडला तो प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या भागाएवढा होता. तोही जेमतेम एक पंचमांश सेकंद.

यंत्राच्या दृष्टीने ही सगळी कथा म्हणजे आकड्यांचा एक लांबलचक रकाना. यंत्र सेकंदाला १६,३८४ वेळा लांबीतला फरक नोंदवते. लोकांसाठी ठेवलेल्या हलक्या फाईलमध्ये सेकंदाला ४,०९६ नोंदी असतात. म्हणजे ३२ सेकंदांच्या छोट्या फाईलमध्ये १,३१,०७२ आकडे, आणि फाईलचा आकार जेमतेम एक एमबी. लग्नातला एखादा फोटो याहून जड असतो.

आधी ट्रे मांडा

हे आकडे वाचायला ‘पायथन’ ही संगणकाची भाषा वापरतात. नावाचा अजगराशी संबंध नाही. नेदरलँड्सचे गिडो व्हान रोसम यांनी १९९१ मध्ये ती लोकांसमोर ठेवली आणि ‘माँटी पायथन’ या ब्रिटिश विनोदी मालिकेवरून तिला नाव दिले. भाषा सोपी आहे, पण तिची खरी ताकद तिच्याभोवती जमलेल्या तयार साधनपेट्यांत आहे. आकड्यांच्या मोठ्या रकान्यांसाठी ‘नमपाय’, गणिती प्रक्रियांसाठी ‘सायपाय’, आलेख काढायला ‘मॅटप्लॉटलिब’ आणि गुरुत्वीय लहरींसाठी खास ‘जीडब्ल्यूपाय’ व ‘पायसीबीसी’.

यातल्या मॅटप्लॉटलिबचा जन्म भौतिकशास्त्रात झालेला नाही. जॉन हंटर हा शिकागोतला मेंदूविज्ञानाचा संशोधक अपस्माराच्या, म्हणजे फिट्स येणाऱ्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युत संकेत पाहत होता. विकतचे सॉफ्टवेअर प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना एका वेळी वापरता येत नव्हते. म्हणून त्याने स्वतःच एक साधन लिहिले आणि २००३ च्या सुमारास ते सगळ्यांसाठी खुले केले. कर्करोगाच्या उपचारांत उद्भवलेल्या गुंतागुंतीमुळे २०१२ मध्ये, वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी, तो गेला. फिटच्या रुग्णांसाठी लिहिलेल्या त्या साधनाने पुढे कृष्णविवरांच्या टकरीचे आलेख काढले गेले.

आता नायगावची ती विद्यार्थिनी काय करील? दोन वाटा आहेत. ब्राउझरमध्ये चालणारी ‘कोलॅब’सारखी वही उघडली तर काहीही बसवावे लागत नाही, काम दूरच्या संगणकावर होते, आपल्याकडे फक्त पडदा. मात्र नेट गेले की सगळे थांबते. दुसरी वाट म्हणजे आपल्या लॅपटॉपवर पायथन बसवणे. पावसाळ्यात दिवसातून चारदा लाईट जाणाऱ्या गावात दुसरी वाट बरी. फाईल एकदा उतरवून घेतली की काम बॅटरीवर चालते.

बसवताना एक पथ्य पाळावे लागते. प्रत्येक कामासाठी संगणकात वेगळा कप्पा करायचा आणि त्या कामाची साधने त्याच कप्प्यात ठेवायची. शस्त्रक्रियेच्या खोलीत प्रत्येक ऑपरेशनला वेगळा निर्जंतुक ट्रे मांडतात, तसेच हे. अपेंडिक्सच्या ट्रेमधला चिमटा उचलून मोतीबिंदूच्या ट्रेमध्ये ठेवला तर दोन्ही ऑपरेशने बिघडतात. या साधनांच्या आवृत्त्या सारख्या बदलत असतात. एका कामाला जुनी लागते, दुसऱ्याला नवी. वेगळा कप्पा केला, त्यात ‘पिप इन्स्टॉल जीडब्ल्यूपाय’ एवढी आज्ञा दिली, की लागणारी बाकीची हत्यारे आपोआप येतात. मग कोणत्या साधनाची कोणती आवृत्ती आली, हे एका फाईलमध्ये लिहून ठेवायचे. मूळ डेटाची फाईल कधीही बदलायची नाही; जे करायचे ते तिच्या प्रतीवर.

नवशिक्यांना ही कारकुनी वाटते. तशी ती आहेही. पण ती टाळली की काय होते, याचे एक बोलके उदाहरण २०१९ मध्ये हवाई विद्यापीठात सापडले. तिथे जीवाणूंपासून मिळालेल्या एका रसायनाची रचना ठरवायची होती. त्यासाठी रसायनशास्त्रज्ञांमध्ये प्रचलित असलेला, पायथनमध्ये लिहिलेला एक प्रोग्राम वापरला. डेटा तोच, प्रोग्राम तोच, पण वेगवेगळ्या संगणकांवर उत्तरे वेगवेगळी. कारण शोधले तर अगदी क्षुल्लक निघाले. प्रोग्राम फाईली क्रमाने येतील असे गृहीत धरून जोड्या लावत होता, आणि हा क्रम प्रत्येक संगणकप्रणाली आपल्या पद्धतीने लावते. दहा नंबरची फाईल एके ठिकाणी दोनच्या आधी, दुसरीकडे नऊच्या नंतर. जोड्या चुकल्या की उत्तर चुकले, पण संगणकाने कुठेही ‘चूक’ असे म्हटले नाही. हा प्रोग्राम तोवर शंभराहून अधिक शोधनिबंधांत वापरला गेला होता.

पन्नासचा आणि साठचा गुणगुणाट

ट्रे मांडला, फाईल आली. आता ‘फेच ओपन डेटा’ ही आज्ञा, त्यात यंत्राचे नाव आणि वेळ. वेळ द्यायची ती घड्याळातली नाही, तर ६ जानेवारी १९८० पासून मोजलेले सेकंद. आपल्या घटनेसाठी हा आकडा १,१२,६२,५९,४६२. इतका उपद्व्याप कशासाठी, असे कुणी विचारील. उत्तर जोसेफ वेबर यांच्या कहाणीत आहे.

अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठातल्या वेबर यांनी ॲल्युमिनियमचे मोठाले दंडगोल टांगून १९६९ मध्ये गुरुत्वीय लहरी सापडल्याचे जाहीर केले. जगभर खळबळ उडाली. पण इतरांना त्या लहरी सापडेनात. मग रोचेस्टरमधल्या दुसऱ्या गटाचा डेटा आणि आपला डेटा एकत्र तपासून, दोन्हीकडे एकाच वेळी ठोके दिसतात, असे वेबर यांनी सांगितले. नंतर उघडकीस आले, की दोन गटांची घड्याळे वेगवेगळ्या प्रमाणवेळेवर होती आणि त्यांच्यात चार तासांचा फरक होता. म्हणजे चार तास आगेमागे असलेल्या नोंदींत त्यांना ‘एकाच वेळचे’ ठोके दिसले होते. शिवाय त्यांच्या संगणक प्रोग्राममध्येही चूक निघाली. वेबर लबाड नव्हते. या क्षेत्राचा पाया त्यांनीच घातला, हे आज सगळे मानतात. पण ज्याला काही दिसायलाच हवे असते त्याला ते दिसते. तपासणीच्या खोलीतही हे रोज घडते. भारतीय वेळ आणि जागतिक वेळ यांत साडेपाच तासांचा फरक आहे, तेवढे पक्के लक्षात ठेवून आपल्या विद्यार्थिनीने आकडा टाकावा.

पहिला आलेख निघतो तेव्हा निराशा होते. हळूहळू वरखाली होणारी एक जाड रेघ, बस्स. कृष्णविवरे कुठेच नाहीत. यंत्राला दूरच्या समुद्राच्या लाटा जाणवतात, जमिनीचा सूक्ष्म थरकाप जाणवतो, जाणारे ट्रक जाणवतात. आरसे ज्या काचेच्या तंतूंवर टांगले आहेत ते तंतू सतारीच्या तारांसारखे ५०० हर्ट्झच्या आसपास कंप पावत असतात. आणि ६० हर्ट्झवर एक उंच सुळका दिसतो, तो अमेरिकेतल्या विजेचा.

हा सुळका ईसीजी काढणाऱ्या प्रत्येक तंत्रज्ञाच्या ओळखीचा आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून अर्थिंग नीट नसलेल्या खोलीत काढलेल्या ईसीजीच्या रेघेवर बारीक करवतीचे दात उमटतात. मशीनवरचे फिल्टरचे बटण दाबले की ते जातात. गुरुत्वीय लहरींतही हेच करायचे. ज्या कंप्रतेवर गोंगाट जास्त, तिथला आवाज त्या प्रमाणात खाली आणायचा, म्हणजे सगळीकडचा गोंगाट एका पातळीवर येतो. मग ३५ हर्ट्झच्या खालचे आणि ३५० हर्ट्झच्या वरचे गाळून टाकायचे. पायथनमध्ये या दोन ओळी आहेत. त्या चालवल्या आणि घटनेच्या आसपासचा अर्धा सेकंद मोठा करून पाहिला, की आधी सपाट वाटणाऱ्या जागी एक लाट उभी राहते. ती पुढे पुढे उंच होते, दाट होते आणि एकदम विझते. हॅनफर्डची रेघ उलटी करून ७ मिलिसेकंद मागे सरकवली, की ती लिव्हिंग्स्टनच्या रेघेवर बसते. उलटी का? दोन्ही यंत्रांच्या भुजा वेगवेगळ्या दिशांना आहेत म्हणून. हाच आलेख ध्वनीत बदलला तर ऐकू येतो तो एक बारीकसा ‘टुप्’.

पण फिल्टर हे दुधारी शस्त्र आहे, हे डॉक्टरांना कडू अनुभवाने कळते. ईसीजीत ०.०५ हर्ट्झपासूनचे संकेत राखले तर हृदयविकाराच्या झटक्यात बदलणारा ‘एसटी’ भाग खरा दिसतो. रेघ स्थिर दिसावी म्हणून ती मर्यादा ०.५ हर्ट्झवर नेली, की रेघ छान दिसते, पण एसटी भाग खोटाच वर किंवा खाली सरकू शकतो. मग धडधाकट माणसाला झटक्याचे उपचार, किंवा झटका आलेल्याला ‘गॅस झाला असेल’ म्हणून घरी. त्यामुळे कोणता फिल्टर, कुठून कुठपर्यंत, हे निकालासोबत लिहिलेच पाहिजे. आणि हवे ते दिसेपर्यंत फिल्टर बदलत बसणे हा संशोधनातला सर्वांत मोठा मोह आहे, नायगावात आणि अमेरिकेतही.

पुण्याचा साचा

डोळ्यांना दिसेल इतका मोठा संकेत क्वचितच मिळतो. बहुतेक लहरी गोंगाटाच्या खालीच असतात. त्यांना शोधायला लागणाऱ्या पद्धतीचा एक मोठा भाग पुण्यात घडला, हे महाराष्ट्रात फारसे माहीत नाही. १९८८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने ‘आयुका’ ही संस्था स्थापन झाली. तिथे डॉ. संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ पासूनच्या शोधनिबंधांत एक प्रश्न हाती घेतला. लहरीचा आकार सिद्धांतावरून आधीच काढता येत असेल, तर गोंगाटात तो शोधायला किती साचे लागतील आणि ते कसे निवडायचे? यंत्रे उभी राहण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तोवर बंगळुरूचे बाला अय्यर आणि त्यांचे फ्रेंच सहकारी लहरीचा तो आकार अधिकाधिक अचूक करत होते.

पद्धत समजायला सोपी आहे. अनुभवी डॉक्टर स्टेथोस्कोप लावतो तेव्हा श्वासाचा आवाज, पोटाची गुरगुर, बाहेरच्या रांगेतला कालवा हे सगळे कानावर येत असते. पण झडप आखडल्यावर होणारी विशिष्ट घरघर त्याने आधी शेकडो वेळा ऐकलेली असते. तो साचा डोक्यात असतो, म्हणून ती नेमकी उचलली जाते. संगणक हेच आकड्यांनी करतो. अपेक्षित लहरीचा साचा डेटावर एकेक पाऊल सरकवत न्यायचा, प्रत्येक जागी दोन्हींचा गुणाकार करून बेरीज घ्यायची. साचा जुळला की बेरीज एकदम वर जाते. गोंगाट असेल तर अधिक-उणे होऊन शून्याच्या आसपास राहते. २०१५ च्या शोधात असे सुमारे अडीच लाख साचे वापरले गेले. त्यासाठी मोठे संगणक लागतात. आयुकात ‘सारथी’ नावाची अशी संगणकप्रणाली आहे. पण एकच साचा घेऊन एकाच घटनेवर चालवायचा असेल, तर नायगावचा लॅपटॉप पुरतो. पायसीबीसीमध्ये दोन्ही कृष्णविवरांची वस्तुमाने टाकायची आणि वाट पाहायची. चहा होईपर्यंत उत्तर येते.

बेरीज वर गेली म्हणजे शोध लागला का? इथे खरी परीक्षा सुरू होते. तापाच्या रुग्णाला कुणी अंगारा लावतो, तिसऱ्या दिवशी ताप उतरतो. अंगाऱ्याने उतरला का? अनेक विषाणूजन्य ताप तसेही काही दिवसांत उतरतात. अंगारा न लावलेल्या किती जणांचा उतरला, हे मोजल्याशिवाय बोलता येत नाही. गुरुत्वीय लहरींत ‘अंगारा न लावलेला’ डेटा कुठून आणायचा? लहर अडवायला भिंत बांधता येत नाही. शास्त्रज्ञांनी एक साधी युक्ती केली. प्रकाशाला एका यंत्रापासून दुसऱ्यापर्यंत जायला १० मिलिसेकंद लागतात. त्यामुळे खरी लहर दोन्हीकडे जास्तीत जास्त एवढ्या अंतराने दिसली पाहिजे. मग एका यंत्राचा सगळा डेटा मुद्दाम काही दशांश सेकंद पुढे सरकवायचा आणि पुन्हा जोड्या शोधायच्या. आता जी जोडी सापडेल ती नक्कीच योगायोगाची. पुन्हा सरकवायचा, पुन्हा मोजायचे, लाखो वेळा. अशा रीतीने १६ दिवसांच्या डेटातून ६ लाख वर्षांहून अधिक काळाचे योगायोग तपासले गेले. त्या साऱ्यात २०१५ च्या घटनेइतकी जोरदार जोडी एकही निघाली नाही. तीन प्रकारच्या साच्यांसाठी वजावट करून शास्त्रज्ञांनी सांगितले, की असा योगायोग २ लाख ३ हजार वर्षांत एकदापेक्षाही कमी वेळा होईल. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी शोध जाहीर झाला आणि २०१७ चे नोबेल राइनर वाइस, बॅरी बॅरिश आणि किप थॉर्न यांना मिळाले.

यंत्राप्रमाणे माणसांचीही परीक्षा घेतली जाते. १६ सप्टेंबर २०१० रोजी दोन्ही यंत्रांत एक सुंदर संकेत दिसला. शास्त्रज्ञांनी सहा महिने राबून विश्लेषण केले, शोधनिबंधही लिहून तयार ठेवला. मार्च २०११ मध्ये कॅलिफोर्नियात सगळे जमले आणि मोहोरबंद लिफाफा उघडला गेला. संकेत खोटा होता. मोजक्या चार लोकांनी आरसे हलवून तो मुद्दाम घातला होता, बाकीच्यांना तो ओळखता येतो का आणि त्याच्यावर किती घाईने विश्वास ठेवला जातो, हे पाहायला. या प्रकाराला ते ‘इंजेक्शन’ म्हणतात. म्हणूनच २०१५ मध्ये खरी लहर आली तेव्हा अनेकांची पहिली प्रतिक्रिया होती, की हे इंजेक्शनच असणार. रुग्णालयात इंजेक्शनचा आग्रह धरणारे रोज भेटतात. इंजेक्शन नसल्याची खात्री झाल्यावर आनंदलेले वैज्ञानिक हे तसे दुर्मीळ दृश्य.

संगणक सगळे करतो, मग माणूस कशाला, याचेही उत्तर डेटातच आहे. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची लहर आली, पण स्वयंचलित प्रोग्रामने ती फक्त हॅनफर्डमध्ये असल्याचे कळवले. लिव्हिंग्स्टनच्या डेटात टकरीच्या जेमतेम एक सेकंद आधी यंत्राचाच एक मोठा झटका आला होता. डेटा खराब समजून प्रोग्रामने तो बाजूला ठेवला होता. माणसांनी आलेख उघडून पाहिला तर झटक्याच्या मागे लहर स्वच्छ दिसत होती. झटका पुसून काढला आणि युरोपातल्या ‘व्हर्गो’ या तिसऱ्या यंत्राची जोड मिळाली, तेव्हा आकाशातली जागा पौर्णिमेचे दीडशेच्या आसपास चंद्र मावतील एवढ्या तुकड्यापर्यंत आखडली. जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळल्या. नारायणगावजवळच्या खोडदची महाकाय मीटरलहरी रेडिओ दुर्बीणही त्यात होती. औंढ्याचे यंत्र हवे ते याच कारणासाठी. ते अमेरिकेपासून पृथ्वीच्या जवळजवळ पलीकडच्या बाजूला असल्याने लहर कुठून आली, हे त्याच्यामुळे अधिक नेमकेपणाने सांगता येईल.

जमीन स्थिर हवी हे खरेच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप लातूर-नांदेडमध्ये कुणी विसरलेले नाही, आणि २०२४ मध्ये हिंगोली परिसरातले सौम्य धक्के नांदेडपर्यंत जाणवले होते. दूरच्या मोठ्या भूकंपानेही ही यंत्रे काही काळ डळमळतात. तो काळ ओळखून डेटातून बाजूला काढणे, हाही याच विश्लेषणाचा भाग.

आधार नंबर नसलेला डेटा

कृष्णविवरांशी कर्तव्य नसलेल्यांनाही हे कौशल्य लागणार आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये ब्रिटनमध्ये उघड झाले, की कोविडचे १५,८४१ रुग्ण आकडेवारीतून गळाले आहेत. प्रयोगशाळांचे अहवाल एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाईलमध्ये भरले जात होते आणि तिच्यात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. पुढच्या ओळी गुपचूप गळल्या, आणि त्या रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांना वेळेवर कुणी कळवले नाही. किती नोंदी आल्या आणि किती गेल्या, हे मोजणारी पायथनची एक ओळ असती तर पहिल्याच दिवशी घंटा वाजली असती. आपल्याकडेही तालुक्याचे आकडे जिल्ह्याला आणि जिल्ह्याचे राज्याला अशाच तक्त्यांतून जातात.

सरावासाठी वैद्यकातही खुला डेटा आहे. ‘फिजिओनेट’वर बॉस्टनमध्ये घेतलेल्या, प्रत्येकी अर्ध्या तासाच्या ४८ ईसीजी नोंदी कुणालाही मिळतात, सेकंदाला ३६० आकडे आणि प्रत्येक ठोक्यावर तज्ज्ञांची खूण. साचा सरकवून ठोके शोधायचे, अनियमित ठोका ओळखायचा आणि तज्ज्ञांच्या खुणेशी ताडून पाहायचा. पद्धत तीच, डेटा वेगळा.

मात्र एक फरक आहे आणि तो तरुण मुलांना आवर्जून सांगायला हवा. कृष्णविवराला आधार नंबर नसतो. रुग्णाला असतो. ओळखीच्या दवाखान्यातून पेनड्राईव्हवर आणलेली रुग्णांची यादी कोलॅबसारख्या दूरच्या संगणकावर चढवणे, नाव-गाव-फोन तसेच ठेवून मित्राला पाठवणे, हे कौतुकाचे काम नाही. गावात क्षयाचा किंवा एचआयव्हीचा एक रुग्ण असेल, तर वय आणि वस्ती एवढ्यावरूनही तो कोण हे सगळ्यांना कळते. नाव खोडले म्हणून ओळख पुसली जात नाही. रुग्णांच्या डेटावर काम करायचे तर संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आणि रुग्णाची संमती हवीच. तोवर शिकायला आकाश मोकळे आहे.

नायगावहून विष्णुपुरी फार लांब नाही. तिथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे. भौतिकशास्त्र, संगणक आणि वैद्यक एकाच परिसरात. लायगोचे खुले शिकवणीचे धडे पायथनच्या वह्यांच्या रूपात नेटवर आहेत. ते इंग्रजीत आहेत, ही अडचण खरी. पण आज्ञांची भाषा सगळ्यांना सारखीच परकी असते. दोन-तीन जणांनी मिळून बसले तर एका रविवारी पहिला आलेख निघतो.

तो निघाला की मोठी फाईल उतरवावी. ती सव्वाशे एमबीच्या आसपास आहे आणि तिच्यात त्याच घटनेभोवतीचे ४,०९६ सेकंद आहेत, म्हणजे ६८ मिनिटे. त्यातला लहरीचा एक पंचमांश सेकंद वगळायचा, तोच फिल्टर आणि तोच साचा उरलेल्या सगळ्या वेळावर चालवायचा आणि बेरीज किती वेळा किती वर गेली, ते मोजायचे. मग हॅनफर्डचा डेटा अर्धा सेकंद सरकवून पुन्हा. बहुतेक करून हाती काहीच लागणार नाही. तारीख, वेळ, फिल्टर आणि आवृत्त्या यांच्यासमोर वहीत ‘काही नाही’ असे लिहायचे आणि पुढचा अर्धा सेकंद सरकवायचा.